शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि उत्पलाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे त्यातही माझं काही धैर्य नाही. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच.

मी पत्रकं लिहिते. अमरावतीत मोर्चा निघणार असला की आदल्या दिवशी चौकात जो कागद वाटला जातो, तो बऱ्याचदा माझा असतो. माझे वडील सुखदेव एका लहानशा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. घरात कोरा कागद नसायचा, पत्रकं मात्र ढिगानं — चुकलेली, शाई फिसकटलेली, तिरपी छापलेली. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'बंधू आणि भगिनींनो' वाचता यायला लागलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पाढे लिहिले. त्यामुळे आवाज चढवून लिहिणं माझ्या हातातच आहे. कुणी कुणाचं नाव खाल्लं की माझं डोकं फिरतं. कॉलेजात एका प्राध्यापकानं विद्यार्थिनीचा लेख स्वतःच्या नावानं छापला, तेव्हा मी पत्रक काढलं होतं. मथळा होता, 'नावाची चोरी ही भाकरीच्या चोरीहून मोठी'. तो मथळा लोक अजून मला ऐकवतात, कौतुकानं. मी काय करते? मान हलवते.

पण आधी उत्पलाबद्दल सांगते. मला ती फार आवडते, हे खरं आहे. आणि तिच्याबद्दल बोलत राहिलं की मूळ गोष्ट लांबणीवर पडते, हेही खरं आहे.

उत्पला अकोल्याची. रॉक गाते. पुण्यात सहा वर्षं एका बँडमध्ये होती. उंचीनं माझ्या खांद्याला लागते, अंगात वडिलांचे जुने शर्ट, बाह्या दुमडलेल्या. आणि आवाज? टिनाच्या छपरावर गारा पडाव्यात तसा सुरू होतो, आणि मग मध्येच एकदम असा मऊ होतो की समोरच्या माणसाला आपण काल कुणाला काय टाकून बोललो ते आठवावं. गाताना ती डोळे मिटत नाही. गर्दीतलं एक माणूस निवडते आणि त्याच्याकडेच बघत गाते. ज्यानं ते एकदा अनुभवलं, तो तिच्यासमोर खोटं बोलू शकणार नाही, असं मला वाटायचं. — वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी ती बँड सोडून अकोल्याला परत आली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची जुनी सोल गाणी तिला स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची होती. जत्रेतल्या स्पीकरसारखं ओरडून झालं, आता मले पोटातून गायचं हाये, म्हणाली. मोठा स्टुडिओ परवडणारा नव्हता. हाफिजचाचांच्या गादीच्या दुकानावरची खोली तिनं घेतली आणि चारी भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या लावल्या. आपल्याकडच्या कापसाइतका आवाज कोण पिणार? अडचण एकच — खाली कापूस पिंजायचं यंत्र. ते दुपारच्या नमाजेला थांबायचं, तेव्हा मिळणारा अर्धा-पाऊण तास हेच रेकॉर्डिंग. पंखा बंद, कूलर बंद, एप्रिलचं अकोला. ओला दुपट्टा मानेभोवती गुंडाळून ती उभी राहायची आणि एकाच ओळीवर तो सगळा वेळ घालवायची. ओळ मनासारखी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. असं काम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. चाचा जिन्यातून वर बघत म्हणायचे, "बेटा, लोग गद्दे पे सोते हैं, तुम गद्दों में घुस के चिल्लाती हो!" आणि मग जाताजाता, "कल वाला गाना अच्छा था. यंत्र दस मिनट देर से चालू करूँगा."

मी तिच्याकडे गेले ती भांडायला. दूरच्या लोकांच्या दुःखाची गाणी गातेस, आपली काय मेली का? गावोगावच्या जयंतीला ज्या गायन पार्ट्या गात होत्या — हार्मोनियम, ढोलकी, झांजा, मागे सूर धरायला दोन बाया — ते काय होतं मग? मी चांगली दहा मिनिटं बोलले असेन. तिनं ऐकून घेतलं.

"तुह्यापाशी हायेत का ती गानी?"

"आहेत. बाबांची वही आहे."

"तं आन ना बे! भाषन काहून देऊन राहिली?"

मी दुसऱ्याच दिवशी वही नेली. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तरुणपणी ते अशाच एका पार्टीचे मुख्य गायक होते, मूर्तिजापूर, दर्यापूर, बार्शीटाकळी असे गावोगाव गात फिरायचे. वहीत चाळीसेक गाणी, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. उत्पलानं ती खाली बसून, पानाला पान न चिकटू देता, अशी वाचली — मी कुणाला माझ्या वडिलांची कुठलीच वस्तू तितक्या जपून हाताळताना पाहिलेलं नाही. मग तिनं ठरवलं : चार गाणी त्यांची, पाच आपली, एकाला एक लागून. अल्बमचं नाव 'जीव'.

त्या पाचांतलं एक गाणं ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ज्या गाण्यामुळे मी हे लिहिते आहे, ते हे.

पदराले लागली शाई, बाई मी धुनार नाई
डाग शाईचा साजरा, बाई मी धुनार नाई

अडाणी आई आहे. मुलगी शाळेतून येते, तिची शाईनं भरलेली बोटं आई पदरानं पुसते, आणि तो पदर धुवायचा नाही असं ठरवते. एवढंच गाणं. उत्पला म्हणाली, "अबे, पुरुषानं लिहिलं हे? बाईच्या पोटात शिरून लिहिलं तुह्या बाबानं." माझी छाती फुगली. माझ्या वडिलांनी आयुष्यात पदर घेतला नव्हता. कुणाचा पदर काय म्हणतो, हे त्यांनी घरात आईला तरी कधी विचारलं होतं का? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही? की मी पडू दिला नाही?

या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. पुस्तक नाही, रेकॉर्ड नाही, कुठली नोंद नाही — गाणं ज्याचं, त्याचं नाव शेवटच्या कडव्यात, आणि ते गाताना आवाज चढवायचा. बाबा म्हणायचे, कागद फाटतो, कडवं फाटत नाही. पुण्याहून आलेल्या गिटारवाल्याचं म्हणणं होतं की नावाची कडवी गाळू, नव्या ऐकणाऱ्याला त्यांचं काय? उत्पला त्याच्यावर अशी उखडली की खाली चाचांनी यंत्र थांबवलं. नाव कापलं तं आपन आन् चोर सारखेच, म्हणाली. तिनं पाचही गाण्यांची नावाची कडवी सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करायची ठरवली, घसा पूर्ण तापल्यावर. वहीतल्या त्या गाण्याखाली होतं :

सुखदेव सांगे साऱ्यायले, असा डाग मिरवा बाई

नाव आहे म्हणजे गाणं त्याचंच. आमच्यात यावर कुणी शंका घेत नाही.

बाबांच्या पार्टीत मागे धरणाऱ्या दोन बायांपैकी कौतिकाबाई हयात होत्या, मूर्तिजापूरला. चाली पक्क्या कराव्यात म्हणून त्यांना भेटायचं ठरलं. उत्पलाला रेकॉर्डिंग सोडून येता येईना. अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर वाटेतच, म्हणून मी एकटी उतरले.

सकाळचे दहा वाजले असतील. कौतिकाबाई दारात सूप घेऊन तुरीची डाळ पाखडत होत्या. "सुखदेवची पोट्टी का तू? नाक तं त्याचंच घेऊन आली!" म्हणाल्या. लाह्या दिल्या, चहा दिला. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, ते शाईचं गाणं म्हणा. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आवाज चिरकलेला होता, पण चाल — मी वहीत वाचून मनाशी बसवलेली चाल किती पोरकट होती ते पहिल्या ओळीत कळलं. गाणं त्यांच्या तोंडी चालत नव्हतं, राहत होतं. मी हरखून ऐकत होते. शेवटचं कडवं आलं. त्या किंचित पुढे वाकल्या, आवाज चढवला —

कौतिका सांगे साऱ्यायले, असा डाग मिरवा बाई

मला वाटलं, गंमत केली. त्यांनी गंमत केली नव्हती.

"गानं माह्यंच होय," म्हणाल्या. "माही सुनंदा पयलीत जाऊन राहिली होती तव्हा जुळवलं. मले लिवता येते काय? तुह्या बापानं लिवून घेतलं. दोन सालं माह्या नावानंच म्हनलं आमी. मंग एका गावी माह्यं नाव आलं तं पोट्टे शिट्ट्या मारून राहिले. सुखदेव म्हने, कौतिके, आजच्या दिवस माह्यं नाव टाकतो. टाकलं. मंग तेच राह्यलं."

"राग नाही आला तुम्हाला?"

त्या हसल्या. "आला तं? वही त्याच्यापाशी!"

बाबांबद्दल त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. सुखदेवसारखा गळा पुन्हा झाला नाही, म्हणाल्या. निघताना मात्र माझा हात धरून ठेवला. "त्या गानाऱ्या पोट्टीले सांगजो. एकडाव माह्या नावानं म्हन म्हना. माह्या कानानं आयकतो मी."

मी म्हणाले, "सांगते."

बसमध्ये मी काय विचार केला? तुम्ही विचाराल म्हणून सांगते — काहीच नाही. एका मुलीनं उलट्या केल्या, तिच्या आईला मी पाणी दिलं. बोरगावला बस बराच वेळ थांबली. मला वाटत होतं की मी सांगणारच आहे, त्यात विचार कसला करायचा?

पोचले तेव्हा उत्पला माइकसमोर उभी होती. खाली यंत्र नुकतंच थांबलं होतं. चाचा टोपी घालून मशिदीकडे निघाले होते. शाईच्या गाण्याचं नावाचं कडवं त्याच दिवशी व्हायचं होतं. तिनं कानावरचा हेडफोन अर्धा सरकवला.

"काय म्हने बाई?"

आणि मी — ज्या मुलीनं तो मथळा लिहिला ती मी — म्हणाले, "काही आठवत नाही गं त्यांना. वय झालं."

इतकं सोपं होतं ते.

"आरारा," उत्पला म्हणाली. "मी येतो मंग भेटाले. गानं नाई तं नाई, पाया पडतो."

"नको, त्रास होतो त्यांना. माणसं ओळखत नाहीत."

हे दुसरं. पहिलं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल एक वेळ. दुसरं मी रचलं. उत्पलानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. गाताना ती जशी एक माणूस निवडून बघते ना, तसं नाही — मैत्रिणीकडे बघतात तसं. मग म्हणाली, "बरं झालं तुह्या बाबानं लिवून ठेवलं," आणि हेडफोन नीट बसवला.

त्या दुपारी तिनं माझ्या वडिलांचं नाव सात वेळा गायलं. सातव्या वेळी 'सुखदेव' हा शब्द असा उचलला की गिटारवाल्यानं गिटार मांडीवर उपडं ठेवलं. त्याआधी दोन वर्षं आम्ही ज्या माणसाला पोचवून आलो होतो, तो माणूस त्या गाद्यांच्या खोलीत उभा राहिला. मी रडले. खरंच रडले. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. खोटं फक्त गाण्यात होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

अल्बमसोबत एक पुस्तिका निघाली. ती मी लिहिली. पत्रक लिहावं तशी, पेटून. शाईच्या गाण्याबद्दल मी लिहिलं, 'पुरुष असून बाईच्या काळजात उतरलेला हा कवी.' लिहिताना हात अडखळला का? अडखळला. पण का अडखळला तेही सांगते, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त किळस येते ती याचीच. मी मनात म्हटलं, कौतिकाबाईंना वाचता येत नाही.

ज्या बाईनं शाईवर असं गाणं रचलं, तिच्या अडाणीपणावर मी विसंबले.

अल्बम गाजला. आपल्या भागात तरी गाजला. जयंतीच्या मंडपांत पोरं ती गाणी लावायला लागली. ज्यांना सोल म्हणजे काय ते माहीत नव्हतं ती माणसं त्या परक्या चार गाण्यांवरही डोकं हलवायला लागली. अमरावतीच्या एका सभागृहात बाबांच्या नावानं सत्कार झाला. आईनं शाल घेतली, मी भाषण केलं. भाषणात मी म्हणाले — नको. काय म्हणाले असेन ते तुम्हाला कळलंच असेल.

मागच्या हिवाळ्यात उत्पलाचा कार्यक्रम मूर्तिजापूरला ठरला. शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी. मी काहीतरी कारण काढून टाळायला हवं होतं, पण टाळलं असतं तर तिनं विचारलं असतं. गेले. पहिल्याच रांगेत कौतिकाबाई बसल्या होत्या, इस्त्रीचं पातळ नेसून. शेजारी सुनंदाताई, त्यांची मुलगी, गाण्यातली ती मुलगी. आता बार्शीटाकळीला शिक्षिका आहे.

कुणीतरी उत्पलाला सांगितलं की या त्या पार्टीतल्या बाई. झालं. ती स्टेजवरून खाली उतरली, सगळ्यांसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, हाताला धरून वर नेलं. आणि माइकवर फार मायेनं म्हणाली, "आजीले आता काही आठवत नाई. त्या फक्त उभ्या राहतीन, म्हनू आपन सारे."

माझंच वाक्य होतं ते. पटांगणभर ऐकू गेलं.

कौतिकाबाईंनी उत्पलाकडे पाहिलं. मग खाली, रांगेत, माझ्याकडे. मी नजर वळवली नाही असं लिहायला मला आवडलं असतं.

ढोलकी सुरू झाली. उत्पलानं पहिली ओळ उचलली, आणि दुसरी ओळ कौतिकाबाईंनी तिच्या हातून अलगद काढून घेतली. मग सगळंच गाणं. एक शब्द चुकला नाही, एक मात्रा ढळली नाही. उत्पलानं गाणं थांबवलं आणि माइक त्यांच्यापुढे धरून नुसती उभी राहिली. ती मोठी गायिका आहे, कुठे थांबायचं ते तिला कळतं. शेवटचं कडवं आलं. आता, मी मनात म्हटलं. आता सगळं उघडं होणार. आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या किंचित पुढे वाकल्या, आवाज चढवला —

सुखदेव सांगे साऱ्यायले, असा डाग मिरवा बाई

पटांगण उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. उत्पलाचे डोळे भरले होते. खाली येऊन तिनं मला मिठी मारली. "पाह्यलं काय बे? मानसं विसरली बाई, पन गानं नाई विसरली!" तेव्हापासून ही गोष्ट ती प्रत्येक कार्यक्रमात सांगते. स्मृती गेलेली म्हातारी आणि तिला परत आणणारं गाणं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझं एक वाक्य इतकं लांब चालत गेलं.

कौतिकाबाई खुर्चीवर बसून पाणी पीत होत्या. मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, "आवाज साजरा हाये त्या पोट्टीचा. जपजो तिले." बाकी काही नाही. सुनंदाताईंनी त्यांची शाल नीट केली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते पुस्तक मी आईले वाचून दाखवलं. दोनदा." मग दोघी फाटकाकडे चालायला लागल्या. पटांगणात खूप खुर्च्या होत्या, त्यातून वाट काढत त्या हळूहळू गेल्या, आणि मी त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी होते. हाक मारली नाही.

कौतिकाबाई आजही मूर्तिजापूरला राहतात. 'पदराले लागली शाई' हे गाणं त्यांनी रचलं, मुलगी पहिलीत असताना. शेवटच्या कडव्यात नाव कौतिकाचं होतं. माझ्या वडिलांनी ते एका दिवसापुरतं काढलं आणि परत ठेवलं नाही. मला ते परत ठेवायला सांगितलं होतं, आणि मी हो म्हणाले होते.